विंचचा दोर आणि क्लीनरचा जीव

तारकर्ली, देवबाग, वेळागर. मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर पाहुण्यांच्या गाड्या वाळूत रुतणे आता नवलाचे राहिलेले नाही. १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. २०२१ मध्ये राज्य शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. कॅराव्हॅन म्हणजे चाकांवरचे घर. आत पलंग, ओटा, गॅसची टाकी, पाण्याची टाकी आणि दिव्या-पंख्यासाठी वेगळी बॅटरी. एवढे सामान घातलेली गाडी साध्या गाडीपेक्षा जड होते, आणि तिचे चाक वाळूत किंवा पावसाळ्यातल्या लाल चिखलात गेले की चार माणसांच्या धक्क्याने ती हलत नाही. म्हणून काही मालक अशा गाडीला विजेवर चालणारी विंच बसवून घेतात.

विंच मालकाची असते. ती बसवणारे हात मात्र गॅरेजातल्या मुलाचे असतात, चालवणारा ड्रायव्हर असतो आणि आकडा घेऊन पुढे धावणारा क्लीनर असतो. ही सारी आपल्या कष्टकरी घरांतली माणसे. म्हणून हे यंत्र कसे चालते आणि कोठे दगा देते, ते आपण नीट समजून घेतले पाहिजे.

रहाटाचाच भाऊ

विहिरीवरचा रहाट ज्याने पाहिला त्याला विंच समजायला वेळ लागणार नाही. रहाटाच्या लाकडावर दोर गुंडाळला जातो आणि घागर वर येते. विंचमध्ये लाकडाच्या जागी लोखंडी ड्रम, हाताच्या जागी १२ व्होल्टची मोटर आणि मध्ये दातेरी चाके. मोटर भरभर फिरते, दातेरी चाके तिचा वेग कमी करून जोर वाढवतात आणि ड्रम हळूहळू दोर ओढतो. दोराचे दुसरे टोक झाडाला बांधलेले असले की झाड येत नाही, गाडी येते.

विंचवर लिहिलेली ताकद ही ड्रमवरच्या पहिल्या थराची असते. दोराचे थर जसे वाढतात तशी ताकद घटते. त्यामुळे दोर आखूड सोडून ओढण्यापेक्षा लांब सोडून ओढणे फायद्याचे. मात्र ड्रमवर पोलादी दोराचे निदान ५ आणि सिंथेटिक दोराचे १० वेढे राहिलेच पाहिजेत, नाहीतर ताण आल्यावर दोर ड्रमवरून सुटून येतो.

विंच केवढी घ्यावी? भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दीडपट, असा साधा हिशेब आहे. ३ टनांच्या गाडीला साडेचार टनांची विंच. बाजारात ताकद पौंडांत सांगतात. ९५०० पौंड म्हणजे सुमारे ४३०० किलो. जोर कमी पडला तर कप्पी लावावी. दोर कप्पीतून फिरवून पुन्हा गाडीला आणला की जोर जवळजवळ दुप्पट होतो, वेग निम्मा होतो आणि मोटरवरचा भार हलका होतो.

चारशे अँपिअर म्हणजे किती?

येथेच बहुतेकांची फसगत होते. १२ व्होल्ट ऐकले की वाटते, यात शॉक नाही, मग भीती कसली? शॉक नाही हे खरे. पण आग आहे. गाडीचा ५५ वॅटचा हेडलाइट पाच अँपिअरहून कमी वीज घेतो. साडेचार टनांच्या आसपासची विंच पूर्ण ताणात ४०० अँपिअरपर्यंत घेते, म्हणजे ऐंशीहून अधिक हेडलाइट एकदम लावल्यासारखे.

आता तारेचा हिशेब करू. बॅटरीपासून विंचपर्यंत २ मीटर आणि परतीची २ मीटर अशी ४ मीटर तांब्याची तार लागली. ती १० चौरस मिलिमीटर जाडीची घेतली तर ४०० अँपिअरला जवळपास ३ व्होल्ट तारेतच जातील. मोटर अर्धमेली फिरेल आणि हजाराहून अधिक वॅट उष्णता तारेत साठेल. म्हणजे गाडीच्या पोटात एक इस्त्री पेटती ठेवल्यासारखे झाले. तीच तार ३५ चौरस मिलिमीटरची घेतली तर एका व्होल्टहून कमी जातो. विंच गाडीच्या मागे बसवायची असेल तर अंतर वाढते, म्हणून ७० ची तार घ्यावी. तारेत वाचवलेले पैसे ही बचत नव्हे. ज्या गाडीत मुलेबाळे झोपतात आणि गॅसची टाकी आहे, तिथे तर नव्हेच.

जोडणीचा क्रम

पहिले काम बॅटरीची निगेटिव्ह तार काढण्याचे. नंतर विंचची पाटी बसवावी. ती बंपरच्या पत्र्यावर नव्हे, चासीच्या दोन्ही लांब बीमना, डोक्यावर ८.८ हा आकडा असलेल्या बोल्टांनी. ज्या छोट्या व्हॅनला वेगळी चासीच नाही तिच्यावर जड विंच बसवू नये. पत्रा फाटून विंच हातात येते.

सोलेनॉइडची पेटी पाणी उडणार नाही अशा जागी ठेवावी. बॅटरीपासून हातभर अंतरात पॉझिटिव्ह तारेवर मोठा कटऑफ स्विच लावावा. काम नसताना तो बंदच असावा आणि तो कोठे आहे हे गाडीतल्या प्रत्येकाला, लहान मुलांनाही, दाखवून ठेवावे. परतीच्या तारेसाठी गाडीच्या अंगावर भरवसा ठेवू नये. काळी तार थेट बॅटरीच्या निगेटिव्हला न्यावी. जिथे तार पत्र्यातून जाते तिथे रबरी बूश हवाच. सायलेन्सर, डिझेलची नळी आणि गॅसची नळी यांच्यापासून तार दूर ठेवावी. सगळे तपासून झाल्यावर निगेटिव्ह तार शेवटी जोडावी.

वीज घ्यायची ती इंजिनाच्या बॅटरीतून. दिव्या-पंख्याची बॅटरी आजकाल लिथियमची असते आणि तिच्यातले संरक्षण-सर्किट एवढा प्रवाह सहसा सोसत नाही. ते ऐन ताणात वीज तोडते. ओढताना इंजिन चालू ठेवावे. तरीही अल्टरनेटर एकटा ही मागणी पुरवू शकत नाही, उरलेले बॅटरी देते. म्हणून एक मिनिटभर ओढावे, थांबावे, मोटरला हात लावून पाहावा. फार तापली असेल तर निवू द्यावी.

किनाऱ्यावर आणखी एक शत्रू आहे, खारी हवा. उघडे तांबे इथे लवकर हिरवे पडते. कल्हई केलेली तार घ्यावी. लग हातोडीने न ठोकता दाबयंत्राने दाबावेत, वर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी आणि टोकांना व्हॅसलीन लावावे. वाळूत काम झाले की दोर गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावा. दर महिन्याला एकदा विंच चालवून पाहावी, नाहीतर गरजेच्या वेळी ती जाम झालेली आढळते.

कागदपत्रांचेही पाहावे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाहून गाडी वेगळी करता येत नाही. पुढे लोखंडी गार्ड लावण्याविरुद्ध कारवाई करण्याचे केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवले होते. गार्डमुळे एअरबॅगच्या कामातही अडथळा येऊ शकतो. तेव्हा मालकाने आरटीओची लेखी परवानगी आणावी आणि विमा कंपनीला कळवावे. तोंडी हमीवर गॅरेजवाल्याने चासीला भोक पाडू नये.

दोराजवळ कोण उभा असतो?

मालक आत असतो, रिमोट ड्रायव्हरच्या हातात असतो. दोराजवळ असतो तो क्लीनर आणि मदतीला धावून आलेले गावकरी. ताणलेला पोलादी दोर तुटला तर चाबकासारखा उलटतो आणि हाड मोडतो, जीवही घेतो. सिंथेटिक दोर हलका असल्याने कमी मारतो; पण ऊन आणि वाळू त्याला आतून खाते, म्हणून तोही तपासावा लागतो.

नियम थोडे आहेत. हातात चामड्याचे मोजे. दोराच्या मध्यावर ओले पोते किंवा जाड घोंगडी टाकावी, म्हणजे तुटलेला दोर खाली बसतो. ताणलेला दोर कोणी ओलांडू नये. दोराच्या लांबीच्या दीडपट अंतराच्या आत कोणीही उभे राहू नये. माडाला बांधायचे तर मालकाला विचारून, बुंध्याशी अगदी खाली, रुंद पट्ट्याने बांधावे. नुसत्या दोराने झाड कापले जाते. झाड नसेल तर स्टेपनी वाळूत खोल पुरून तिला दोर बांधता येतो.

आणि विंच हा शेवटचा उपाय. आधी फावड्याने चाकापुढची वाळू काढावी, टायरची हवा निम्म्यापर्यंत कमी करावी, चाकाखाली माडाची चुडते घालावीत. पुष्कळदा गाडी तेवढ्यानेच निघते. त्याहून बरे म्हणजे गाडी पुळणीवर उतरवूच नये. वेंगुर्ल्याजवळच्या वायंगणीसारख्या किनाऱ्यांवर समुद्री कासवे अंडी घालतात, चाकाखाली ती घरटी चिरडतात.

गॅरेजात शिकणाऱ्या मुलांना आमचे एवढेच सांगणे आहे. आयटीआयमधला मोटार मेकॅनिक किंवा इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम पुरा करा. तारेची जाडी अंदाजाने नव्हे, हिशेबाने ठरवायला शिका. मालक म्हणाला, "बारीक तार चालेल," तर हिशेबाचा कागद त्याच्यापुढे ठेवा. मालक म्हणाला, "धर रे दोर," तर ताणलेल्या दोराजवळ जायला ठाम नकार द्या. गाडी आज नाही निघाली तर उद्या निघेल. क्लीनरच्या घरी मात्र आई आज संध्याकाळीच त्याची वाट पाहत असते.