मेंदूज्वराची लस झाली. पण कुठल्या मेंदूज्वराची?

"कार्डावरच्या सगळ्या लसी झाल्यात, म्हणजे मेंदूज्वराचीही झालीच असणार." लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्राच्या ओट्यावर हमखास ऐकू येणारं हे वाक्य अर्धं खरं आहे. घोटाळा शब्दातच आहे. मेंदूला सूज आली तरी आपण मेंदूज्वर म्हणतो आणि मेंदूभोवतीच्या आवरणाला सूज आली तरी मेंदूज्वरच. डासांमुळे होणारा जपानी मेंदूज्वर पहिल्या प्रकारातला, मेनिंजायटिस दुसऱ्यातला. एकाची लस दुसऱ्याला उपयोगी नाही.

बरं, मेनिंजायटिसचाही जंतू एकच नाही. जन्मल्यावर दंडावर टोचतात ती बीसीजी बाळाला क्षयाच्या मेनिंजायटिसपासून जपते. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या पेंटाव्हॅलंटमध्ये हिब या जंतूविरुद्धची लस असते. न्यूमोकोकसची पीसीव्ही 2021 पासून देशभर मोफत मिळते: दीड महिना, साडेतीन महिने आणि नववा महिना. या तिन्ही लसी कार्डावर आहेत. नाही तो मेनिंगोकोकस. काही तासांत माणूस हातचा घालवू शकणारा हा जंतू. उपचार मिळूनही दहातला साधारण एक रुग्ण दगावतो.

"तो आजार आपल्याकडे कुठे असतो?" दिल्लीत 1966, 1985 आणि 2005 मध्ये त्याच्या साथी आल्या, 2008-09 मध्ये मेघालय-त्रिपुरात. गंमत म्हणजे या जंतूच्या, दिल्लीला छळणाऱ्या 'ए' गटाविरुद्धची स्वस्त लस पुण्यातच तयार झाली. सीरम इन्स्टिट्यूटची मेनआफ्रिव्हॅक 2010 मध्ये बुर्किना फासोपासून टोचायला सुरुवात झाली आणि आफ्रिकेच्या साथपट्ट्यातून 'ए' गट जवळपास हद्दपार झाला. मग इतर गटांनी डोकं वर काढलं. त्यावर पुण्यातूनच पाच गटांची मेनफाइव्ह आली. 2024 मध्ये ती सर्वात आधी नायजेरियाने वापरली.

आपल्याकडे मेनिंगोकोकसची लस सरसकट देत नाहीत. हजला जाणाऱ्यांना ती सक्तीची आहे. प्लीहा काढलेल्या मुलांना आणि परदेशी वसतिगृहात राहायला निघालेल्यांना डॉक्टर ती सुचवतात. खासगी दवाखान्यात ती नवव्या महिन्यापासून मिळते. दोन वर्षांच्या आत साधारणपणे दोन डोस, त्यापुढे एक.

वसतिगृहाचं नाव निघालं की पालक म्हणतात, "अहो, हा तर तान्ह्यांचा आजार." तान्ह्यांना धोका जास्त, हे खरंच. पण हा जंतू काहीही त्रास न देता घशात मुक्काम करतो आणि असे वाहक सर्वाधिक सापडतात ते तरुण पोरांत. एका खोलीत चौघं, एकाच बाटलीचं पाणी. त्याला आणखी काय हवं? म्हणून ब्रिटनमध्ये चौदाच्या आसपास शाळेतच एसीडब्ल्यूवाय ही चार गटांची लस देतात. मात्र तिच्यात 'बी' गट नाही. त्याची लस वेगळी असते. ब्रिटनमध्ये ती 2015 पासून बाळांना देतात. तेव्हा वसतिगृहात निघालेल्या मुलाच्या लसीच्या प्रमाणपत्रावर गट कुठले लिहिलेत, ते वाचा.

"लसीतूनच आजार झाला तर?" हिब, न्यूमोकोकस आणि चार गटांच्या लसीत जिवंत जंतू नसतोच. असतो तो त्याच्या शर्करेच्या कवचाचा तुकडा. दोन वर्षांखालच्या बाळाचं शरीर नुसती शर्करा नीट ओळखत नाही, म्हणून ती प्रथिनाला जोडतात. मांडी दुखेल, ताप येईल. एक-दोन दिवसांत उतरेल.

आणि लस झाली तरी लक्षणं विसरू नयेत, कारण सगळे जंतू कुठल्याच लसीत मावत नाहीत. मान आखडायची वाट पाहू नका. तान्ह्यात ती बरेचदा आखडतच नाही. टाळू फुगते, बाळ दूध सोडतं, किंचाळून रडतं नाहीतर मलूल पडून राहतं. पुरळ येईलच असंही नाही. आलं तर त्यावर काचेचा पेला दाबून बघतात: डाग पुसट न होता तसाच दिसला, तर धोक्याची खूण. सावळ्या कातडीवर तो चटकन दिसत नाही. तळहात, तळपाय आणि पापण्यांच्या आत पाहायचं. मात्र ताप आणि मलूलपणा दोन्ही असतील, तर पेला शोधत बसू नये, रिक्षा शोधावी.