डाव्या हाताची चाल



भजनाला बसल्यावर पेटी वाजवणाऱ्याकडे कधी नीट पाहिलंय? उजवा हात पट्ट्यांवर, डावा भात्यावर. म्हणून पेटीतून चाल एकच निघते, गाणाऱ्याची. पियानोला भाता नसतो. दोन्ही हात मोकळे, आणि डाव्या हातालाही स्वतःची वेगळी चाल वाजवता येते. दोन चाली अशा एकदम चालवायच्या, याला काउंटरपॉइंट म्हणतात. अगदीच अनोळखी नाही हो हे. जुन्या सिनेमात लताबाई गात असताना मागे व्हायोलिनं आपली निराळीच चाल धरतात ना? शंकर-जयकिशनच्या गाण्यांत ती बांधणी करायचे गोव्याचे सेबॅस्टियन डिसोझा.

आता समजा, एकीने ओवी सुरू केली. ती अर्ध्यावर आली तोच दुसरीने तीच ओवी पहिल्यापासून धरली, आणि पहिली थांबलीच नाही. आपल्याकडे गलका होईल. पण चाल रचतानाच ती स्वतःवर नीट बसेल अशी रचली तर? जर्मनीतले योहान सेबास्टियन बाख (१६८५–१७५०) यात फार मोठे.

त्यांच्या काळी हार्पसिकॉर्ड असे. पट्टी दाबली की पिसाची काडी तार छेडते. हळू दाबा की जोरात, आवाज जवळपास तेवढाच. पियानोत हातोडी तारेवर पडते, बोटाचा जोर तसा सूर. म्हणून आजच्या वादकाला ठरवावं लागतं, कुठली चाल पुढे आणायची. काही जाणकारांना बाख पियानोवर चालतच नाही. मला मात्र डावा हात पहिल्यांदा ऐकू आला तो पियानोवरच.

बाखची बायको आना माग्दालेना दरबारात गायची. तेरा बाळंतपणं, त्यातली सात मुलं लहानपणीच गेली. तरी नवऱ्याचं संगीत ती हाताने उतरवून काढी. तिच्या १७२५ सालच्या वहीत, तिच्याच अक्षरात, एक संथ चाल आहे. तिच्यावरून बाखने ३० रूपं रचली, ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’. त्यातली नऊ आपल्या त्या ओवीसारखी, एकामागून एक धरलेली.

कॅनडाच्या ग्लेन गूल्डने हे सगळं १९५५ साली पियानोवर वाजवलं. सुरुवातीची चाल दोन मिनिटांच्या आत संपवली. १९८१ साली पुन्हा वाजवलं, तेव्हा त्याच चालीला तीन मिनिटं घेतली. सूर तेच.

मुलांच्या मोबाइलवर दोन्ही सापडतील. वरची चाल आपोआप कानात येते, तिला सोडा. खालची धरा. सुटली तर पुन्हा पहिल्यापासून लावा. मला पाच-सहा वेळा लावावं लागलं.