ऑक्सफर्डशायरमधली काशीनरेशांची विहीर

साहेबाने हिंदुस्थानात कालवे खणले, पूल बांधले, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. पण खुद्द इंग्लंडातल्या एका खेड्याची तहान आपल्याकडच्या राजाने भागवली, हे मला स्टोक रो या गावी गेल्यावरच नीट उमगलं.

रेडिंगहून उत्तरेला चिल्टर्न टेकड्यांत शिरलं, की बीचची दाट झाडी आणि अरुंद रस्ते सुरू होतात. माथ्यावर हे छोटंसं गाव. गारगोट्यांच्या भिंतींचं चर्च, थोडी घरं, आणि रस्त्याच्या कडेला लोखंडी खांबांवर तोललेला चक्क एक घुमट! त्याखाली रहाट, आणि रहाटावर सोनेरी हत्ती.

ही टेकडी खडूच्या दगडाची. पडलेला पाऊस झिरपून थेट खोल जातो. सह्याद्रीच्या माथ्यावरच्या वाड्यावस्त्यांतल्या बाईला हे समजावून सांगायला नको. पावसाळ्यात धो धो आणि उन्हाळ्यात हंडे रिकामे! स्टोक रोचे लोक चिकणमातीच्या खड्ड्यांत साचलेलं गढूळ पाणी वापरीत. तेही आटलं, की लांबून वाहून आणीत.

जवळच्याच इप्सडेनचा एडवर्ड अँडरडन रीड हा कंपनी सरकारचा अधिकारी. कादंबरीकार चार्ल्स रीडचा हा भाऊ. त्याने १८३१ साली आझमगढकडे एक विहीर खणवली होती. बनारसचे महाराज ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांच्याशी त्याचा स्नेह जमला. गप्पांच्या ओघात त्याने आपल्या मुलखातली एक हकिगत सांगितली. ऐन टंचाईत घरातलं शेवटचं पाणी पिऊन टाकलं म्हणून आईने पोराला बदडलं होतं. रीड निवृत्त होऊन मायदेशी परतला. महाराज मात्र ते पोर विसरले नाहीत. इंग्लंडात काही दानधर्म करावा असं मनात आलं, तेव्हा त्यांनी विहिरीचाच खर्च उचलला.

१८५७ मध्ये महाराज इंग्रजांच्या बाजूने उभे होते, हेही सांगायला हवं. या दानात राजनिष्ठेचा अंश असेलच. पण राजनिष्ठा दाखवायला लंडनमध्ये पुतळा उभारता आला असता; आडगावात विहीर कोण खणतो?

आणि विहीर तरी केवढी! रुंदी अवघी ४ फूट, खोली ३६८ फूट. कुतुबमिनार आत उभा केला, तरी वर सव्वाशे फुटांहून जास्त विहीर उरेल. १८६३ च्या मार्चमध्ये काम सुरू झालं आणि सगळं खोदकाम हातांनी झालं. त्या चार फुटांच्या नळीत वाकून कुदळ मारणाऱ्यांचं काय झालं असेल, या विचाराने काठावर उभं राहूनही माझे पाय लटपटले. खर्च आला ३५३ पौंड, १३ शिलिंग, ७ पेन्स. २४ मे १८६४ रोजी, राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवशी, विहीर गावासाठी खुली झाली. पाणी सर्वांना फुकट.

मला सर्वांत आवडली ती पुढची व्यवस्था. विहिरीची देखभाल कोण करणार? शेजारीच चेरीची बाग लावली. तिचं नाव ‘ईश्री बाग’. चेरी विकून देखभालीचा खर्च निघावा, हा हिशेब. राखणदाराला राहायला अष्टकोनी टुमदार घर. बागेत माशाच्या आकाराचं तळंसुद्धा केलं, कारण मासा हे काशीनरेशांचं राजचिन्ह. आपल्याकडे देवळाला इनाम जमीन लावून देतात, तीच ही रीत!

लंडनच्या रीजंट्स पार्कात आपल्या मुंबईच्या कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी १८६९ साली बांधवलेली पाणपोई आहे. ती थोडीफार ठाऊक असते. ही विहीर मात्र आडबाजूला राहिली.

सत्तरहून अधिक वर्षं गाव हेच पाणी प्यालं. मग नळ आले आणि रहाट थांबला. १९६४ मध्ये शताब्दी झाली. त्या सोहळ्याला राणीचे पती प्रिन्स फिलिप आले होते, आणि त्या दिवशी बनारसहून आणलेलं गंगाजल विहिरीत ओतण्यात आलं.