निवांतपणाची वाट पाहू नका, ऋतूची पाहा

आजच्या भागाचा विषय अगदी साधा आहे. एखाद्या मित्राला किंवा मैत्रिणीला सोबत घेऊन, आपल्याच गावाच्या आसपास, त्या त्या ऋतूत जे बघण्या-खाण्यासारखं असतं ते अनुभवायला जाणं. विषय साधा असला तरी बिनमहत्त्वाचा नाही.

‘एकदा निवांत भेटू या’ असं आपण कितीजणांना म्हणून ठेवलंय, जरा आठवा. ती भेट का होत नाही? माया कमी झालेली नसते, तारीख ठरलेली नसते. लग्नाला, बारशाला आपण जातो, कारण तिथला दिवस दुसऱ्या कुणीतरी ठरवलेला असतो. मैत्रीसाठी कुणी पत्रिका छापत नाही. मग वर्षं जातात, आणि एके दिवशी लक्षात येतं की वाढदिवसाच्या शुभेच्छांपलीकडे बोलायला काही उरलेलं नाही.

नोकरीसाठी परराज्यात गेलेल्यांची अडचण आणखी वेगळी. जुने मित्र लांब, नवे अजून झालेले नाहीत. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातले प्राध्यापक जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. नव्या ठिकाणी राहायला गेलेल्या माणसांकडून त्यांनी माहिती घेतली. ओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास लागतात आणि जिवलग मैत्रीला २०० पेक्षा जास्त, असा त्यांचा अंदाज आहे. त्यातही ऑफिसात शेजारी बसून काम केलेले तास फारसे कामी येत नाहीत. मोकळ्या वेळेत एकत्र घालवलेले तास मोजायचे.

आता हिशेब करा. एका सहलीत चार तास मिळाले, तर २०० तासांसाठी ५० सहली हव्यात. महिन्याला एक धरली तरी चार वर्षं झाली. म्हणजे एखादी मोठी गोवा ट्रिप पुरेशी नाही. लहान, स्वस्त आणि पुन्हा पुन्हा करता येईल असं काहीतरी हवं. इथे ऋतू मदतीला येतो, कारण तो थांबत नाही. हॉटेलातलं जेवण पुढच्या महिन्यातही मिळेल, पण पळस पुढच्या महिन्यात फुललेला नसेल. लग्नपत्रिकेसारखी तारीख इथे निसर्गच घालून देतो.

थंडीपासून सुरुवात करू. डिसेंबर-जानेवारीत महाराष्ट्रात हुरडा असतो. ज्वारीच्या कणसातले दाणे दुधाळ असताना गोवऱ्यांच्या आरावर भाजायचे, हातावर चोळायचे आणि लसणाच्या चटणीबरोबर गरमागरम खायचे. एकेका शेतात हे दाणे काही दिवसच कोवळे राहतात, म्हणून बोलावणं आलं की निघायचं. सुरतेत राहणाऱ्यांनी हळहळू नये. तिथला पोंक म्हणजे हीच कोवळी ज्वारी. उत्तर कर्नाटकात तिला सीतनी म्हणतात. माळव्यात आणि उत्तरेत ओला हरभरा भाजून होला करतात, तो आपला हुळाच. घरापासून लांब असलो तरी चव ओळखीची निघते.

याच दिवसांत शहरांतल्या जत्राही भरतात. हैदराबादची नुमाइश १९३८ पासूनची. ती १ जानेवारीच्या सुमारास नामपल्लीच्या मैदानावर सुरू होते. ग्वाल्हेरचा मेळा १९०५ मध्ये माधवराव शिंद्यांनी सुरू केला. बंगळूरुच्या बसवनगुडीत कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते, कडलेकाई परिषे. तिथे दोघांत एक पुडा घेऊन शेंगा सोलत फिरायचं. हात गुंतलेले असले की गप्पा आपोआप सुटतात.

फेब्रुवारी-मार्चमध्ये झाडं बघा. गावाबाहेर पळस आणि पांगारा, दिल्लीत सावरीची लाल फुलं, बंगळूरुत गुलाबी टॅबेबुया. राष्ट्रपती भवनाचं अमृत उद्यानही सर्वसाधारणपणे याच सुमारास सर्वांसाठी उघडतं. पुढे एप्रिल-मेमध्ये बहावा पिवळाधमक होतो, तो तर बऱ्याचशा शहरांत रस्त्याकडेलाच असतो. सकाळी सातला निघालात तर नऊला घरी परत.

मे संपता संपता, पहिल्या सरींच्या आसपास, भंडारदरा आणि पुरुषवाडीच्या रानात काजवे चमकतात. तिथे टॉर्च आणि मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवायचा. ती उघडझाप म्हणजे नर-मादीची एकमेकांना खूण असते. आपला प्रकाश मध्ये आला की ती खूण दिसत नाही, आणि पुढच्या वर्षीचे काजवे कमी होतात.

पावसाळ्यात इंदूरकरांना पाताळपाणीचा धबधबा आहे, बडोदेकरांना चांपानेर-पावागढ, सातारकरांना ऑगस्टअखेरीपासून कासचं पठार. पाण्याबाबत एकच नियम, पण कडक. धबधब्याच्या पात्रात उतरायचं नाही. वरच्या डोंगरावर पाऊस पडला की खालचं पाणी काही मिनिटांत चढतं, तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरीही. सोबत्याला ‘चल रे, काही होत नाही’ म्हणण्यापेक्षा ‘इथूनच बघू’ म्हणणारा मित्र बरा.

आता थोडं नियोजन. ठिकाण घरापासून तास-दीड तासापेक्षा लांब नको. लांबचा बेत एकदा होतो, जवळचा दरवर्षी होतो. खर्च दोघांपैकी ज्याचा हात आखडता असेल त्याच्या बेताने ठरवा, आणि तो विषय त्याला काढायला लावू नका. चालही तशीच. एकाचे गुडघे दुखत असतील तर गड सोडा, तळ्याकाठचा बाक धरा. नोव्हेंबर ते मार्च भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी येतात, ते तर नावेत बसूनच बघायचे.

आणि जागा मुद्दाम शांत निवडा. समोरासमोर टेबलाशी बसलं की सतत काहीतरी बोलावं लागतं. शेजारी शेजारी चालताना गप्प राहिलं तरी चालतं, कारण बघायला समोर काहीतरी असतं. नोकरी गेली, घरात आजारपण आहे, मुलाशी पटत नाही, असल्या गोष्टी माणूस बहुधा तिसऱ्या चौथ्या किलोमीटरला, समोर बघत सांगतो. त्या ऐकायला कुणीतरी शेजारी असणं, यासाठी हा सगळा खटाटोप.

तेव्हा हा भाग संपला की एक काम करा. आत्ता कोणता महिना चालू आहे ते बघा. तुमच्या गावाजवळ या पंधरवड्यात काय फुलतंय, काय पिकतंय, कुठली जत्रा आहे ते भाजीवाल्याला किंवा शेजारच्या आजोबांना विचारा. मग एकाच माणसाला निरोप पाठवा. त्यात ‘कधीतरी’ हा शब्द नको. वार, वेळ आणि भेटायची जागा लिहा.