पित्तनलिकेचा कर्करोग आणि नेमकी औषधे

यकृतातला चपटा कृमी म्हणजे काय, हे चुडाव्यासारख्या गावात शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्याला सांगायला नको. डबक्यातल्या गोगलगायीतून तो गवतावर येतो आणि गवतातून जनावराच्या पोटात जातो.

त्याचाच एक भाऊबंद थायलंडच्या ईशान्य भागात माणसाच्या पित्तनलिकेत मुक्काम ठोकतो. तिकडे गोड्या पाण्यातले मासे कच्चेच खातात, त्यातून तो शिरतो. नलिका वर्षानुवर्षे सुजत राहते आणि काहींना तिथेच कर्करोग होतो. आपल्याकडे मासा शिजवूनच खातात, ही मोठीच राखण म्हणायची. मात्र कृमी नसतानाही हा रोग होतो.

या रोगावर आता नेमका मारा करणारी औषधे आली आहेत. पेशीतला एफजीएफआर-२ हा जनुक भलत्याच जनुकाला जोडला गेला, की वाढीचा हुकूम थांबतच नाही. २०२० साली अमेरिकेत मंजूर झालेली पेमिगॅटिनिबची गोळी तो हुकूम अडवते. पण हा बिघाड कृमीमुळे झालेल्या गाठीत क्वचितच सापडतो! तिथे हर-२ या जनुकाच्या जादा प्रती अधिक दिसतात. त्यावरचे झॅनिडाटामॅब २०२४ साली मंजूर झाले. म्हणून गाठीचा तुकडा तपासल्याशिवाय औषध ठरत नाही. ही औषधे बहुधा रोग काही काळ रोखून धरतात. मुळापासून बरे होण्याची आशा लवकर झालेल्या शस्त्रक्रियेतच असते.

तेव्हा कावीळ, अंगाला खाज आणि पांढुरकी शौचास असे एकत्र दिसले, तर काविळीची माळ गळ्यात घालून वाट पाहत बसू नये. आधी सोनोग्राफी करून घ्यावी.