द्राक्षाच्या घडाचा गर्भ

हॉलंडमधल्या लूसडाउनेन गावच्या चर्चमध्ये दोन पितळी परातींची एक गोष्ट सांगतात. १२७६ साली मार्गारेट नावाच्या सरदारपत्नीला म्हणे एकाच वेळी ३६५ मुलं झाली आणि त्या परातींत त्यांचा बाप्तिस्मा झाला. दंतकथाच ती, पण आजच्या काही डॉक्टरांना तिच्यामागे द्राक्षगर्भ असावा असं वाटतं.

या विकारात बाळाऐवजी वारेच्या पेशीच बेसुमार वाढतात आणि गर्भाशय पाणीदार फोडांच्या घोसांनी भरतं. पूर्ण द्राक्षगर्भात गुणसूत्रं बहुधा फक्त वडिलांकडून आलेली असतात. पाळी चुकते, चाचणी पॉझिटिव्ह येते, सगळं नेहमीसारखंच. मग तपकिरी किंवा लाल रक्तस्राव सुरू होतो, उलट्या थांबत नाहीत, दिवसांच्या मानानं पोट मोठं दिसतं. कधी स्रावात ते फोडही पडतात. सोनोग्राफीमुळे आता निदान लवकर होतं.

गर्भाशय रिकामं केलं तरी वारेच्या पेशी बनवतात ते एचसीजी संप्रेरक रक्तात पुन्हापुन्हा तपासावं लागतं. ते उतरलं नाही, तर पेशी शिल्लक आहेत. क्वचित त्यांचा कर्करोग होऊन फुप्फुसापर्यंत जातो आणि खोकल्यातून रक्त पडतं.

१९५६ साली अमेरिकेत मिन चिऊ ली आणि रॉय हर्ट्झ यांनी मेथोट्रेक्सेट या औषधानं हा पसरलेला कर्करोग बरा करून दाखवला. गाठी दिसेनाशा झाल्या तरी एचसीजी शून्यावर येईपर्यंत औषध द्यायचं, हा लींचा हट्ट. त्यापायी त्यांची नोकरी गेली! १९७२ साली त्याच कामाला लास्कर पुरस्कार मिळाला.