आयसीयूतून बाहेर आल्यावर

‘व्हेंटिलेटर निघाला, आता घरी नेलं की झालं.’ अतिदक्षता विभागाबाहेर दिवस काढलेल्या नातेवाइकांना असं वाटणं साहजिक आहे. जीव वाचलेला असतो. पण अंगातली ताकद, झोप आणि स्मरणशक्ती परतायला अनेकांना महिने लागतात, काहींना वर्षंही.

‘चांगलंचुंगलं खाल्लं आणि पडून राहिलं की अशक्तपणा जातो’ हा यातला सर्वांत नुकसान करणारा समज. २०१३ साली ब्रिटनमध्ये झालेल्या एका अभ्यासात गंभीर रुग्णांच्या मांडीचा स्नायू दहा दिवसांत सुमारे १८ टक्क्यांनी झिजलेला आढळला. ही झीज नुसत्या आहाराने भरून येत नाही, स्नायूंना काम द्यावं लागतं. अमेरिकेत २००९ साली व्हेंटिलेटरवरच्या काही रुग्णांकडून गुंगी उतरवलेल्या वेळात व्यायाम करून घेतला. त्यांच्यातले ५९ टक्के घरी जाताना स्वतःची कामं स्वतः करू शकत होते. नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३५ टक्के होतं. म्हणून पलंगावरून उठवणारा फिजिओथेरपिस्ट निर्दयी वाटला तरी त्याला अडवू नये.

रुग्ण बरळू लागला की घरचे घाबरतात, किंवा ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात. गंभीर आजारात मेंदूवर ताण येऊन होणारा हा भ्रम तरुणांनाही होतो. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने ८२१ रुग्णांचा अभ्यास केला, त्यात ७४ टक्के जणांना तो झाला. तीन महिन्यांनंतरही सुमारे ४० टक्के रुग्णांची बौद्धिक चाचणी डोक्याला मध्यम इजा झालेल्यांइतकी खालावलेली होती. घरी आलेला माणूस हिशेबात चुकतो, बोलता बोलता धागा विसरतो, तो आळसाने नव्हे.

भ्रमात दिसलेले भयानक प्रसंग रुग्णाला खरेच घडल्यासारखे आठवतात. प्रत्यक्षात काय घडलं हे नंतर कळावं म्हणून युरोपातल्या काही रुग्णालयांत परिचारिका आणि नातेवाईक त्याच्यासाठी रोजची डायरी लिहितात. २०१० च्या अभ्यासात अशी डायरी मिळालेल्यांपैकी ५ टक्क्यांना, तर न मिळालेल्यांपैकी १३ टक्क्यांना आघातोत्तर मानसिक त्रास नव्याने जडला. साध्या वहीतही हे करता येतं.

खचणं, झोप उडणं हे शुश्रूषा करणाऱ्यांच्याही वाट्याला येतं. त्यांनीही मदत मागावी.

ब्रिटनमध्ये आयसीयूतून बाहेर आल्यावर दोन-तीन महिन्यांनी अशा रुग्णांची पुन्हा तपासणी करावी, अशी शिफारस २००९ पासून आहे. आपल्याकडे डिस्चार्ज घेतानाच चालणं, गिळणं, झोप आणि स्मरण यांची पुढची तपासणी कधी, हे डॉक्टरांना विचारून लिहून घ्या. व्हेंटिलेटरची नळी काढल्यानंतर पाणी पिताना ठसका लागत असेल, तर त्या तारखेची वाट न पाहता लगेच कळवा.